क्रूझच्या आदल्या रात्रीचा मुक्काम : बंदराजवळचे हॉटेल कसे निवडावे

जहाज संध्याकाळी पाच वाजता सुटेल असे तिकिटावर छापलेले असले, तरी प्रवाशासाठी दार त्याच्या बरेच आधी बंद होते. बहुतेक क्रूझ कंपन्या जहाज सुटण्याच्या साधारण तास ते दीड तास आधी चेक-इन थांबवतात. अमेरिकेतील बंदरांतून निघणाऱ्या जहाजांना तर प्रवाशांची अंतिम यादी किमान ६० मिनिटे आधी सरकारी यंत्रणेकडे पाठवावीच लागते, त्यामुळे तेथे धक्क्यावर उभे राहून केलेल्या विनवण्यांचा काहीही उपयोग होत नाही. चुकलेले जहाज पुढच्या बंदरात गाठता येईल, असे पुष्कळांना वाटते. ते खर्चिक तर असतेच, पण काही वेळा कायद्यातही बसत नाही, कारण अमेरिकेच्या १८८६च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरात प्रवासी चढवून दुसऱ्या अमेरिकी बंदरात कायमचे उतरवण्यावर कडक बंधने आहेत. विमानाला झालेला उशीर, चुकलेले जोडविमान किंवा मागे राहिलेली बॅग यांपैकी एकही गोष्ट सहलीवर पाणी फिरवायला पुरेशी असते. म्हणून विमानाने येणाऱ्याने किमान एक दिवस आधी पोहोचावे, आणि अनेक टाइम झोन ओलांडून येणाऱ्याने शक्य असेल तर दोन दिवस आधी, कारण मागे राहिलेली बॅग दुसऱ्या दिवशी बहुधा हॉटेलवर येऊ शकते, जहाज सुटल्यानंतर मात्र ते गाठण्यासाठी तिला बंदरामागून बंदरे फिरवावी लागते.

या मुक्कामासाठी हॉटेल निवडताना माझी कसोटी एकच असते. सहलीच्या सकाळी सर्व सामानासह, ठरलेल्या वेळी, शंभर टक्के खात्रीने योग्य टर्मिनलच्या दारात पोहोचवते ते हॉटेल चांगले. खोलीतून समुद्र दिसणे, पोहण्याचा तलाव आणि न्याहारीचा थाट यांचा विचार ही खात्री पटल्यानंतर करावा.

आधी टर्मिनलचे नाव, मग हॉटेलचा शोध

शोधाच्या चौकटीत शहराचे नाव टाकून बंदराजवळची हॉटेले मागवणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. मोठ्या शहरांमध्ये क्रूझची टर्मिनले एकाहून अधिक असतात आणि त्यांच्यातले अंतर कित्येकदा अख्ख्या शहराएवढे असते. न्यूयॉर्कची सहल मॅनहॅटनमधून सुटू शकते, ब्रुकलिनमधून सुटू शकते किंवा खाडीपलीकडे न्यू जर्सी राज्यातल्या केप लिबर्टी येथूनही सुटू शकते. सिंगापूरमध्ये मरीना बे आणि हार्बरफ्रंट ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. सिअ‍ॅटलमधील ६६ क्रमांकाचा धक्का शहराच्या मध्यवर्ती किनाऱ्यावर आहे, तर ९१ क्रमांकाचा धक्का तेथून काही किलोमीटर उत्तरेला आहे. साउदॅम्प्टनमध्ये पाच टर्मिनले पूर्व आणि पश्चिम अशा दोन गोद्यांत विभागलेली आहेत, आणि गोदीत शिरण्याचे दरवाजेही क्रमांकानुसार निराळे आहेत, म्हणून टॅक्सीवाला सर्वांत आधी टर्मिनल कोणते ते विचारतो.

टर्मिनलचे नाव बुकिंगच्या कागदपत्रांवर आणि पुढे बोर्डिंग पासवर दिलेले असते. तेवढ्यावर न थांबता बंदराच्या अधिकृत संकेतस्थळावरील जहाजांचे वेळापत्रक उघडावे आणि आपल्या तारखेला आपले जहाज कोणत्या धक्क्यावर लागणार आहे ते पडताळावे. धक्के बदलतात, आणि कधी कधी बंदरच बदलते. व्हेनिस हे याचे ठळक उदाहरण आहे. २०२१च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना जुदेक्का कालव्यातून शहराच्या मध्यभागी येण्यास बंदी झाली आणि त्यानंतर अनेक सहली मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेन्ना येथून निघू लागल्या. जाहिरातीत मात्र पुष्कळदा व्हेनिसचेच नाव राहते. राव्हेन्ना व्हेनिसपासून रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे, तेव्हा केवळ नावावर विसंबून कालव्याकाठी खोली घेणाऱ्याची सहलीची सकाळ महामार्गावर जाते.

नकाशावरचे अंतर आणि रस्त्यावरचे अंतर

हॉटेलांच्या संकेतस्थळांवर दिलेले अंतर बहुधा सरळ रेषेतले असते, आणि बंदर म्हटले की मध्ये पाणी आलेच. खाडीच्या पलीकडे एक किलोमीटरवर दिसणारे हॉटेल पुलाला वळसा घालून आठ किलोमीटरवर निघू शकते. शिवाय ‘बंदर’ म्हणून नकाशावर जी खूण केलेली असते ती कधी बंदर प्रशासनाच्या कार्यालयाची असते, तर कधी मालवाहू कंटेनरच्या दरवाजाची. त्यामुळे टर्मिनलचा नेमका पत्ता टाकून, तो पत्ता आणि हॉटेल यांच्यामधला गाडीचा मार्ग आणि चालण्याचा मार्ग असे दोन्ही वेगवेगळे काढून पाहावेत. वेळ निवडण्याची सोय असेल तेथे सहलीचाच वार आणि सकाळी दहा-अकराची वेळ निवडावी, कारण त्याच सुमारास आधीच्या सहलीचे हजारो प्रवासी बाहेर पडत असतात, नवे हजारो येत असतात आणि टर्मिनलकडे जाणारा रस्ता एकच असतो.

चालत जाण्याचा बेत असेल तर नकाशाचे उपग्रहचित्र उघडून तो मार्ग अक्षरशः पावलापावलाने तपासावा. बार्सेलोनात ला रांब्ला या रस्त्याच्या टोकाशी, कोलंबसच्या पुतळ्याजवळ हॉटेल घेतले की बंदर समोर दिसते. परंतु बहुतेक मोठी जहाजे जेथे लागतात तो आदोसात धक्का पुलापलीकडे आहे आणि तेथपर्यंतचा रस्ता बॅगा ओढत जाण्याजोगा नाही. पुतळ्याजवळून बंदराची बस सुटते, ती माहीत असली म्हणजे हेच हॉटेल सोयीचे ठरते. अथेन्सचे बंदर असलेल्या पिरेअसमध्ये त्या शहराच्या विमानतळावरून मेट्रो २०२२पासून थेट बंदरापर्यंत येते आणि ती सोय खरोखर उत्तम आहे, पण स्थानक बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटींच्या बाजूला आहे. क्रूझचे धक्के बंदराच्या दुसऱ्या टोकाला असल्याने उरलेले अंतर बसने किंवा टॅक्सीनेच कापावे लागते. सिडनीतील सर्क्युलर की येथील टर्मिनल रेल्वे स्थानकापासून चालत काही मिनिटांवर आहे. त्याच शहरातील व्हाइट बे येथे मात्र नियमित सार्वजनिक वाहन दारापर्यंत जात नाही.

जपानमधील योकोहामाचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. तेथील ओसानबाशी धक्का शहराच्या मध्यभागी आहे आणि आजूबाजूच्या हॉटेलांतून चालत जाता येते. बंदराच्या तोंडाशी असलेल्या बे ब्रिजखाली साधारण ५५ मीटरच मोकळी उंची आहे, त्यामुळे त्याहून उंच जहाजे आत येऊच शकत नाहीत. अशा जहाजांसाठी २०१९मध्ये पुलाच्या बाहेर, समुद्राच्या बाजूला दाइकोकु धक्का सुरू झाला. हा धक्का गोदामांच्या औद्योगिक बेटावर असून जवळपास रेल्वे स्थानक नाही. शहर तेच आणि बंदरही तेच असले, तरी जहाजाच्या उंचीवरून हॉटेलची निवड बदलते.

विमानतळ, शहर की बंदर

काही बंदरांचा ज्या शहराच्या नावाने गवगवा होतो त्या शहरापासून ती बरीच लांब असतात. रोमचे बंदर म्हणून ओळखले जाणारे चिव्हितावेक्किया रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. साउदॅम्प्टन लंडनपासून सुमारे १३० किलोमीटर, ल आव्र पॅरिसपासून सुमारे २०० किलोमीटर आणि वार्नेम्युंडे बर्लिनपासून दोनशे किलोमीटरहूनही अधिक अंतरावर आहे. फ्लोरिडातील पोर्ट कॅनव्हरल ऑर्लँडोच्या विमानतळापासून साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. याच्या अगदी उलट परिस्थिती फोर्ट लॉडरडेलची आहे. तेथील विमानतळ आणि पोर्ट एव्हरग्लेड्स एकमेकांना इतके लागून आहेत की विमानतळाजवळचे हॉटेल म्हणजेच बंदराजवळचे हॉटेल म्हणता येते.

अंतर मोठे असेल तेव्हा तीन पर्याय उरतात, आणि त्यांपैकी कोणता घ्यावा हे विमान किती वाजता उतरते यावर ठरवावे. विमान रात्री उशिरा उतरणार असेल, तर विमानतळाजवळच झोपावे. थकलेल्या शरीराने आणि चार बॅगांसह मध्यरात्री अनोळखी महामार्गावर तासभर प्रवास करण्यात काहीच शहाणपणा नाही. विमान सकाळी उतरणार असेल आणि शहर पाहण्याजोगे असेल, तर शहरात राहावे, मात्र बंदराकडे जाणारी गाडी ज्या स्थानकावरून सुटते त्याच्या जवळ, आणि सहलीच्या सकाळी शेवटच्या नव्हे तर त्याआधीच्या दोन-तीन गाड्यांपैकी एक पकडण्याचे ठरवूनच. युरोपात रेल्वेचे संप पुष्कळदा आधी जाहीर होतात, म्हणून त्या आठवड्यातील घोषणा अवश्य पाहाव्यात. दुपारनंतर उतरणाऱ्यांनी, लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी आणि सावकाश चालणारी वडीलधारी माणसे बरोबर असणाऱ्यांनी त्याच दिवशी बंदराच्या गावी जाऊन तेथे मुक्काम करावा. बंदराची गावे रात्री काहीशी निरस वाटतात हे खरे आहे, पण सहलीच्या सकाळी घड्याळाकडे पाहण्याची वेळ येत नाही, हा लाभ मला त्याहून मोठा वाटतो.

चिव्हितावेक्कियाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रोमचा फ्युमिचिनो विमानतळ शहराच्या पश्चिमेला समुद्राच्या बाजूस असल्यामुळे तेथून बंदराकडे जाताना रोममध्ये शिरण्याची गरजच पडत नाही. ज्यांना रोम सहलीनंतर पाहायचे आहे त्यांनी आदल्या दिवशी उगाच शहरात जाऊन परत उलटे येऊ नये. ह्यूस्टनला हाच विचार उलट बाजूने करावा लागतो. तेथील मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराच्या उत्तरेला आहे आणि गॅल्व्हस्टनचे बंदर शहर ओलांडून दक्षिणेला आहे, म्हणून रात्र विमानतळाशी काढली तर सहलीच्या सकाळी संपूर्ण महानगर पार करावे लागते.

शटलचे खरे स्वरूप

हॉटेलच्या वर्णनात ‘शटल उपलब्ध’ असे दोन शब्द असतात आणि त्यांवर विसंबून अनेक जण खोली घेतात. या दोन शब्दांत बरेच काही दडलेले असते. ते शटल विमानतळापासून हॉटेलपर्यंतच असू शकते. ते बंदरापर्यंत जात असले तरी माणशी शुल्क लागू शकते. ते दुसऱ्याच कंपनीचे असू शकते आणि वाटेत इतर तीन हॉटेलांवर थांबत जाऊ शकते. फेऱ्या ठरावीक वेळीच असतात आणि जागा मोजक्या असतात. बारा आसनांच्या गाडीत बारा माणसे बसतात खरी, पण क्रूझला निघालेल्या बारा माणसांच्या वीस-पंचवीस बॅगा मागच्या जागेत मावत नाहीत. मग दहाच्या गाडीला आठच जण जातात आणि उरलेले लॉबीत साडेदहाच्या गाडीची वाट पाहत बसतात.

म्हणून हॉटेलला ईमेल पाठवून उत्तर लेखी घ्यावे. शटल कोणत्या टर्मिनलला जाते, पहिली आणि शेवटची फेरी किती वाजता असते, जागा आधी राखून ठेवता येते की येईल त्याला असा प्रकार आहे, शुल्क माणशी किती आणि ते खोलीच्या बिलात धरलेले आहे का, व्हीलचेअर किंवा बाळाची गाडी घेतात का, हे सारे एकाच पत्रात विचारावे. उत्तर मोघम आले किंवा आलेच नाही, तर शटल नाही असे समजूनच हिशोब करावा. तीन-चार जणांच्या कुटुंबाला माणशी शुल्काच्या शटलपेक्षा टॅक्सी पुष्कळदा स्वस्त पडते, आणि ती आपल्या वेळेला येते. मात्र मोठ्या जहाजांच्या दिवशी टॅक्सीसाठीही झुंबड असते, तेव्हा आदल्या रात्रीच रिसेप्शनवर सांगून गाडी ठरवून ठेवावी. क्रूझ कंपनीची स्वतःची बस घ्यायची असेल तर ती कोठून निघते ते नीट वाचावे, कारण तिची सोय बहुधा विमानतळावरून आणि सहलीच्याच दिवशी असते, आदल्या दिवशी आलेल्या प्रवाशाला हॉटेलवरून घेऊन जाण्याची नसते.

चेक-आउट आणि चढण्याची वेळ यांमधली पोकळी

हॉटेल सकाळी दहा-अकराला, फार तर बाराला खोली रिकामी करायला सांगते आणि क्रूझ कंपनी चढण्यासाठी एक ठरावीक वेळ देते. ती वेळ दुपारी दोनची असेल तर मधल्या तीन तासांत बॅगा कोठे ठेवायच्या हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक हॉटेले सामान सांभाळतात, पण विनामूल्य की शुल्क घेऊन, बंद खोलीत की लॉबीच्या कोपऱ्यात, हे आधी विचारलेले बरे. उशिरा चेक-आउटची सवलत मिळत असेल तर ती बुकिंग करतानाच मागावी, कारण जहाजांच्या दिवशी हॉटेलची प्रत्येक खोली त्याच दुपारी उतरून आलेल्या प्रवाशांसाठी लागणार असते. चढण्याची वेळ ऑनलाइन चेक-इन लवकर करणाऱ्याला आपल्या पसंतीची मिळते, त्यामुळे ते आधी करून मग हॉटेलच्या वेळेशी सांधा जुळवावा.

न्याहारी कितीपासून कितीपर्यंत असते ते पाहून ठेवावे. लिफ्ट आहे का हे युरोपातील जुन्या इमारतींच्या बाबतीत खास करून विचारावे. खोलीत माणसांबरोबर बॅगाही उघडता आल्या पाहिजेत, म्हणून चौघांच्या कुटुंबाने सर्वांत लहान खोलीच्या मोहात पडू नये. मालवाहू बंदरे रात्रभर चालतात. क्रेन, मालगाड्या आणि मागे येणाऱ्या ट्रकांचे भोंगे यांचा त्रास होणाऱ्याने रस्त्याच्या किंवा गोदीच्या बाजूची खोली नको असे लिहून कळवावे.

भाडे, कर आणि तारखा

ज्या दिवशी बंदरात तीन-चार मोठी जहाजे असतात त्याच्या आदल्या रात्रीचे भाडे चढलेले असते. त्यात शहरात एखादे मोठे प्रदर्शन असले तर खोल्या मिळणेच कठीण होते. बार्सेलोनातील मोबाइल वर्ल्ड काँग्रेसच्या दिवसांत तर सहलीच्या भाड्याशी तुलना करावी असे दर दिसतात. म्हणून सहल आरक्षित केल्यानंतर लगेच, रद्द करता येईल अशा दराने खोली घेऊन ठेवावी. पूर्ण पैसे आधी भरून मिळणारी सवलत मला या विशिष्ट रात्रीसाठी योग्य वाटत नाही, कारण विमानाची वेळ, धक्का किंवा सहलीची तारीख यांपैकी काहीही बदलले तर हॉटेलही बदलावे लागते. विनामूल्य रद्द करण्याची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार मोजली जाते, हे परदेशातून बुकिंग करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

दोन हॉटेलांची तुलना करताना नुसते भाडे पाहू नये. युरोपातील अनेक शहरांत माणशी, दर रात्रीचा पर्यटन कर हॉटेलवर वेगळा भरावा लागतो आणि अमेरिकेत काही हॉटेले रिसॉर्ट शुल्क जोडतात. त्यात बंदरापर्यंतचे वाहनभाडे आणि न्याहारी मिळवली की स्वस्त वाटलेले दूरचे हॉटेल जवळच्या हॉटेलच्या बरोबरीला येते. क्रूझ कंपन्या आदल्या रात्रीचे हॉटेल आणि बंदरापर्यंतची बस असे एकत्र पॅकेज विकतात. ते सहसा महाग असते, पण परभाषेत व्यवहार करण्याची भीती वाटणाऱ्याला किंवा एकट्याने निघालेल्या ज्येष्ठ प्रवाशाला ते जरूर घ्यावेसे वाटेल, आणि त्यात गैर काही नाही.

स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी एक रात्रीचा मुक्काम आणि सहलीभर गाडी ठेवण्याची जागा अशी सवलत बंदरांजवळची काही हॉटेले देतात. ती घेताना गाडी हॉटेलच्याच आवारात राहणार की दूरच्या मोकळ्या मैदानात, चावी द्यावी लागणार का, सहल संपल्यावर बंदरातून हॉटेलवर परत आणण्याचे शुल्क त्यात धरलेले आहे का आणि गाडीच्या नुकसानीची जबाबदारी कोणाची, हे लेखी घ्यावे.

कागदपत्रांचा मुद्दा हॉटेलशी संबंधित नाही असे वाटते, पण तो आहे. आदल्या रात्री हॉटेलात राहायचे म्हणजे त्या देशात रीतसर प्रवेश करायचा, म्हणून व्हिसाच्या दिवसांत ही रात्र धरलेली असली पाहिजे. सहल शेंगेन क्षेत्रातून (युरोपातील सामाईक व्हिसा चालणाऱ्या देशांतून) निघून बाहेरच्या देशात जाऊन परत येणार असेल, तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. अनेक देशांत हॉटेलला परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट नोंदवून घ्यावा लागतो, तेव्हा तो परत आपल्या हाती आल्याखेरीज खोलीकडे वळू नये.

इतर प्रवाशांचे अभिप्राय वाचताना हॉटेलचे एकूण गुण बाजूला ठेवून ‘क्रूझ’, ‘बंदर’ आणि ‘शटल’ हे शब्द त्या अभिप्रायांत शोधावेत आणि गेल्या वर्षभरातलेच अभिप्राय प्रमाण मानावेत. गाद्या मऊ होत्या की कडक यापेक्षा सकाळी लिफ्टसाठी किती वेळ थांबावे लागले, हे सांगणारा अभिप्राय आपल्या कामाचा.

खोलीत शिरल्यावर त्याच संध्याकाळी रिसेप्शनवर जाऊन बॅगांचे टॅग छापून, घडी घालून स्टेपल करून घ्यावेत. सकाळी त्या एका प्रिंटरपुढे रांग लागते. टर्मिनलच्या दाराशी मोठ्या बॅगा हमालांच्या ताब्यात जातात आणि केबिनपर्यंत पोहोचायला त्यांना संध्याकाळही होऊ शकते, म्हणून पासपोर्ट, बोर्डिंग पास, औषधे आणि मौल्यवान वस्तू हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात. टर्मिनलचे नाव, गोदीच्या दरवाजाचा क्रमांक आणि जहाजाचे नाव स्थानिक भाषेत एका कागदावर लिहून घ्यावे आणि गाडी सुटण्यापूर्वी तो कागद चालकाच्या हाती द्यावा.